फ्यूज बॉक्सची जागा आणि वायरींची वाट

जुन्या गाड्या नव्याने बांधणाऱ्या वाचकांची जी पत्रे या सदराकडे येतात, त्यांतली बरीचशी इंजिन आणि रंगकाम यांविषयी असतात. या वेळी मात्र वायरिंगविषयी एकाच वेळी चार पत्रे आली आणि त्यांतले पहिले इतके नेमके आहे की त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

प्रश्न : वडिलांनी १९९१ साली घेतलेली महिंद्राची एमएम ५४० जीप माझ्याकडे आहे. डिझेल इंजिन मूळचेच आहे. कुजलेला पत्रा बदलून, गाडी रंगवून घेतली आहे. जुने वायरिंग ठिकठिकाणी तुकडे जोडून वाढवलेले होते, म्हणून ते सगळेच काढून टाकले. आता पात्यांच्या फ्यूजचा बारा खणांचा नवा बॉक्स आणि चार रिले आणले आहेत. मिस्त्री म्हणतात, बॉक्स बोनेटखाली बॅटरीशेजारीच बसवू, म्हणजे वायर कमी लागेल. बॉक्स नेमका कोठे बसवावा, वायरी कोठून न्याव्यात आणि कोणती वायर किती जाडीची घ्यावी? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : मिस्त्रींचे म्हणणे वायरीच्या खर्चापुरते बरोबर आहे, पण मी तो बॉक्स बोनेटखाली बसवणार नाही. तेथे इंजिनाची उष्णता असते, बॅटरीतून निघणारी आम्लाची वाफ असते आणि कोकणातल्या पावसात पुढच्या चाकांनी उडवलेले पाणी ग्रिलमधून व खालून सतत आत येते. बोनेटखाली बसवायचे बॉक्स वेगळे मिळतात, त्यांना रबरी सील आणि घट्ट बसणारे झाकण असते. आपण वर्णन केलेला उघडा, पात्यांचा बॉक्स त्या जागेसाठी बनवलेलाच नसतो. पहिल्या पावसाळ्यात काही होणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढेल आणि मग एक-एक दिवा कारण न कळता बंद पडू लागेल.

जागा ठरवताना मी एकच कसोटी लावतो. रात्री, भर पावसात, कुंभार्ली घाटात गाडी कडेला घेऊन, एका हातात टॉर्च धरून दुसऱ्या हाताने फ्यूज बदलता येईल का? या कसोटीला उतरणारी जागा आपल्या जीपमध्ये डॅशबोर्डच्या खाली, डाव्या बाजूला, इंजिन आणि बसण्याची जागा यांच्यामधल्या पत्र्याच्या आतल्या अंगाला आहे. ती चालकाच्या पायांपासून, पेडलांच्या हालचालीपासून आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून दूर राहते, आणि डाव्या बाजूला उभे राहून तेथे सहज हात पोचतो. जितक्या उंचावर बसवता येईल तितक्या उंचावर बसवा. जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणच्या माणसाला हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

बॉक्स पत्र्यावर थेट आवळू नका. दोन-तीन मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी कापून घ्या, तिच्यावर बॉक्स आणि शेजारी रिले (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच) बसवा आणि ती पट्टी चार बोल्टांनी, मध्ये रबरी बुश घालून, मूळ पत्र्यावर बसवा. नट नायलॉनच्या कड्याचे घ्या, कारण साधे नट डिझेल इंजिनाच्या कंपनाने सैल होतात. पुष्कळ ठिकाणी या कामासाठी प्लायवुडचा तुकडा वापरतात. तो ओल शोषतो आणि फुगतो, म्हणून तो नको. स्वतःच आटे पाडत जाणारे स्क्रूही नकोत, कारण त्यांचे टोक पत्र्याच्या पलीकडे निघते आणि नेमक्या त्याच जागी पुढेमागे कोणीतरी वायरींचा गठ्ठा टेकवतो. बॉक्स उभा बसवा, वायरी खालच्या बाजूने आत घ्या आणि प्रत्येक गठ्ठ्याला बॉक्सच्या खाली एक झोळ देऊन मग वर चढवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी त्या झोळाच्या तळाशी गळून पडते आणि बॉक्समध्ये शिरत नाही. मागे साधारण एक वीत वायर जादा ठेवा, म्हणजे चार बोल्ट काढून पट्टी पुढे घेऊन, उजेडात धरून काम करता येते. ही एक वीत वाचवणारे लोक पुढे डॅशखाली पाठीवर झोपून काम करतात.

आता फ्यूजविषयी. फ्यूज दिव्याचे किंवा हॉर्नचे रक्षण करण्यासाठी असतो, असा समज फार पसरलेला आहे आणि चुकीच्या आकड्यांचे मूळ तोच आहे. फ्यूज वायरीचे रक्षण करतो. दिवा जळाला तर दिवा बदलता येतो, पण वायर तापून तिचे आवरण वितळले तर शेजारच्या दहा वायरी तिच्याबरोबर जातात आणि कधीकधी गाडीही जाते. म्हणून क्रम असा ठेवावा : आधी त्या उपकरणाला किती अँपिअर लागतात ते पाहावे, मग तो प्रवाह न तापता वाहून नेणारी वायर निवडावी, आणि शेवटी त्या वायरीला झेपेल त्याहून मोठा नाही, पण नेहमीच्या प्रवाहापेक्षा पाव-एक पट तरी जास्त असा फ्यूज घालावा. गठ्ठ्यात बांधलेल्या वायरींना हवा लागत नाही हे लक्षात घेऊन मी १ चौरस मिलिमीटरच्या वायरीवर १० अँपिअरपेक्षा, १.५ वर १५ पेक्षा, २.५ वर २० पेक्षा आणि ४ वर ३० अँपिअरपेक्षा मोठा फ्यूज घालत नाही.

वायर घरगुती वायरिंगची घेऊ नका. तांबे तेच असले तरी घरगुती वायरीचे आवरण सहसा ७० अंश सेल्सिअसपर्यंतच टिकण्यासाठी बनवलेले असते आणि त्याला डिझेलचा, ऑइलचा सततचा स्पर्श मानवत नाही. गाडीच्या वायरीत तार बारीक आणि संख्येने जास्त असते, त्यामुळे ती कंपनाने लवकर तुटत नाही. ‘ऑटो वायर’ म्हणून मागितली की दुकानदाराला कळते. फक्त रिळावरचा आकडा स्वतः वाचून घ्या.

हेडलाइटसाठी रिले आणलेत हे उत्तम केलेत, आणि ते का हे आकड्यांतच सांगतो. दोन्ही ६०/५५ वॅटचे बल्ब अप्परवर, म्हणजे लांबच्या झोतावर, असताना १२० वॅट म्हणजे सुमारे १० अँपिअर प्रवाह लागतो. जुन्या पद्धतीत तो बॅटरीपासून डॅशच्या स्विचपर्यंत, तेथून पायाजवळच्या डिप्पर स्विचपर्यंत आणि तेथून परत पुढे दिव्यांपर्यंत फिरतो. ही वाट पाच मीटर आणि वायर १ चौरस मिलिमीटरची धरली तर नुसत्या वायरीतच सुमारे ०.९ व्होल्ट खर्च होतात, आणि दोन स्विच व जुने जोड मिळून आणखी अर्धा व्होल्ट सहज खातात. १३.५ च्या जागी बल्बला १२.१ व्होल्ट मिळाले की हॅलोजनचा जवळजवळ एक तृतीयांश उजेड कमी होतो, कारण व्होल्टेज थोडे घसरले तरी उजेड त्याच्या कितीतरी पट घसरतो. रिले बसवून २.५ चौरस मिलिमीटरची दोन मीटर वायर थेट दिव्यांकडे नेली तर वायरीतली घट ०.१५ व्होल्टवर येते आणि डॅशच्या स्विचवर फक्त रिलेच्या गुंडाळीचा नगण्य भार उरतो. जास्त वॅटचे बल्ब शोधण्याआधी हे करावे. ते बल्ब समोरच्याचे डोळे दिपवतात आणि होल्डरही वितळवतात.

बारा खण कसे वाटायचे, यात एक गोष्ट मी सोडणार नाही : डाव्या आणि उजव्या हेडलाइटचे फ्यूज वेगळे ठेवा, आणि अप्पर व डिप्परचेही वेगळे ठेवा. चार खण त्यात जातात, पण एक फ्यूज उडाल्यावर घाटात दोन्ही दिवे एकाच क्षणी विझणे म्हणजे काय हे ज्याने अनुभवले आहे तो या चार खणांबद्दल तक्रार करत नाही. हे चारही १० अँपिअरचे पुरतात. वायपरला स्वतंत्र १० चा, हॉर्नला रिलेसह १५ चा द्या. ब्रेकलाइट आणि चारही इंडिकेटर एकदम लावण्याची सोय यांना चावीवर अवलंबून नसलेला, बॅटरीचा थेट पुरवठा हवा, कारण बंद पडलेल्या गाडीवरच त्यांची गरज जास्त असते. पार्किंग दिवे व मीटरचे दिवे, चावीनंतरचे इंडिकेटर आणि मीटर यांना एकेक खण लागतो. उरलेला एक खण मोकळा ठेवा, तो पुढे उपयोगी पडतोच.

आपल्या इंजिनाला थंडीत सुरू होण्यासाठी हीटर प्लग लागतात आणि ते चार मिळून तापताना चाळीस अँपिअरच्या वर ओढू शकतात. त्यांचा प्रवाह या बॉक्समधून मुळीच नेऊ नका. बॅटरीपासून वेगळी जाड वायर, वेगळा मोठा फ्यूज आणि वेगळा जड रिले, अशी त्यांची स्वतंत्र व्यवस्था असू द्या. बॉक्सला येणारी मुख्य वायर किमान १० चौरस मिलिमीटरची घ्या, आणि तिच्यावर ६० अँपिअरचा मुख्य फ्यूज बॅटरीपासून एका वितीच्या आत बसवा. बॅटरी आणि मुख्य फ्यूज यांच्यामधल्या वायरीला कोणाचेच संरक्षण नसते, म्हणून ती जितकी आखूड तितके बरे. अल्टरनेटरच्या, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या, बाबतीत एक बारीक बाब नेहमी राहून जाते : चार्जिंगचा तो लहानसा लाल दिवा केवळ शोभेचा नसतो, पुष्कळशा जुन्या अल्टरनेटरना सुरुवातीचा प्रवाह त्याच बल्बमधून मिळतो. नव्या डॅशमध्ये तो बल्ब गाळला किंवा त्याजागी एलईडी लावला तर नवाकोरा अल्टरनेटरही चार्ज करेनासा होतो आणि माणूस विनाकारण तो खोलत बसतो.

वायरींची वाट ठरवताना मी आधी सुतळी वापरतो. बॉक्सपासून प्रत्येक दिव्यापर्यंत, प्रत्यक्ष ज्या वळणांनी वायर जाणार त्याच वळणांनी सुतळी लावून पाहायची, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवायचे, पेडल दाबायचे, वायपर हाताने फिरवायचा, आणि सुतळीला कोणीही शिवत नाही याची खात्री झाल्यावरच तेवढ्या लांबीची वायर कापायची. मागच्या दिव्यांचा गठ्ठा सायलेन्सरच्या पाइपच्या विरुद्ध बाजूने, चासीच्या आतल्या अंगाने न्या. डिझेलच्या पाइपला वायर बांधू नका. दोन्ही एकाच बाजूने न्यावे लागले तर वायर वर आणि पाइप खाली, मध्ये अंतर, अशी रचना असावी. गठ्ठा दर वीतभर अंतरावर रबरी अस्तराच्या क्लिपने धरा. पत्र्याला पाडलेल्या प्रत्येक भोकाची कड कानसीने गुळगुळीत करून, तिला रंग लावून, मग रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेवर बसणारे कडे, बसवा. ग्रोमेटशिवाय भोकातून गेलेली वायर मी कित्येकदा बाहेर काढून पाहिली आहे : पत्र्याची कड आवरणात सुरीसारखी रुतलेली असते, आत तांबे चमकत असते आणि त्याच्याभोवती काजळीचे एक गोल कडे असते.

सगळे जोडून झाल्यावर बॅटरीची तार एकदम लावू नका. सगळे फ्यूज आणि अल्टरनेटरच्या तारा काढून ठेवा, आणि बॅटरीचे धन टोक व मुख्य वायर यांच्यामध्ये २१ वॅटचा एक साधा इंडिकेटरचा बल्ब जोडा. सर्व स्विच बंद असताना बल्ब पूर्ण तेजाने पेटला तर कोठेतरी वायर सरळ बॉडीला लागली आहे. पण ती चूक बल्ब आपल्या अंगावर घेतो, वायर जळत नाही. बल्ब पेटला नाही तर एकेक फ्यूज लावत जा आणि प्रत्येक वेळी बल्बाकडे पाहा. या कामाला अर्धा तास लागतो.

शेवटी कायद्याची बाजू. वायरिंग नवे केल्याने नोंदणी पुस्तकातला तपशील बदलत नाही, पण मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार त्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हेच ठामपणे सांगितले आहे. आपण इंजिन मूळचेच ठेवले आहे, ते तसेच राहू द्या.

प्रश्न : माझ्या प्रीमियर पद्मिनीत जुन्या पद्धतीचे, पांढऱ्या चिनी मातीचे गोळीसारखे फ्यूज आहेत. हेडलाइटचा फ्यूज महिन्या-दोन महिन्यांनी जातो. मागच्या वेळी एकाने सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवले. पात्यांचा नवा बॉक्स बसवावा का? रंग पाहून तेच फ्यूज घेतले तर चालतील का? — एक वाचक, पुणे

उत्तर : ती चांदी आज, हे वाचून होताच काढून टाका. तिची वितळण्याची मर्यादा कोणालाही माहीत नसते, म्हणजे त्या वायरीवर आता फ्यूजच नाही.

आपला फ्यूज भार जास्त झाल्यामुळे जात असेल असे मला वाटत नाही. गोळीचे फ्यूज दोन पितळी पट्ट्यांच्या ताणावर धरलेले असतात. वर्षानुवर्षे तो ताण कमी होतो, टोकांवर ऑक्साइड चढतो आणि त्या सांध्यातच उष्णता निर्माण होते. ती उष्णता फ्यूजच्या उघड्या धातूच्या पट्टीत जाते आणि प्रवाह मर्यादेत असतानाही पट्टी वितळते. दिवे अर्धा तास लावून, मग ते बंद करून फ्यूजच्या टोकाला हलकेच बोट लावून पाहा. कोमट लागले तर ठीक. चटका बसला तर दोष सांध्यात आहे. पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासून, पक्कडीने किंचित आत वाकवून पुष्कळदा गुण येतो. तरीही मी आपल्याला नवा बॉक्स बसवण्याचाच सल्ला देईन, कारण पात्यांचा फ्यूज खणात घट्ट बसतो आणि जाताना आपण गेलो हे पारदर्शक अंगातून दाखवतो.

रंगांच्या बाबतीत मात्र फार सावध राहा, कारण दोन्ही पद्धतींचे रंग एकमेकांशी जुळत नाहीत. गोळीच्या फ्यूजमध्ये पिवळा ५, पांढरा ८, लाल १६ आणि निळा २५ अँपिअरचा असतो. पात्याच्या फ्यूजमध्ये लाल १०, निळा १५, पिवळा २० आणि हिरवा ३० अँपिअरचा असतो. म्हणजे पिवळ्याच्या जागी पिवळा लावला तर ५ अँपिअरच्या वायरीवर आपण २० अँपिअरचा फ्यूज बसवलेला असतो आणि गाडी काही दिवस व्यवस्थित चालतेही. आकडा वाचा, रंग विसरा. पांढऱ्या ८ च्या जागी वायर बारीक किंवा जुनी असेल तर ७.५ चा तपकिरी फ्यूज लावावा. १६ च्या जागी १५ चा लावावा, २० चा नाही.

जुना बॉक्स काढण्यापूर्वी प्रत्येक वायरीला चिकटपट्टीचा झेंडा लावून त्यावर खण क्रमांक लिहा आणि मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. पद्मिनीची निर्मिती बंद होऊन दोन दशके उलटली. मुंबईतली शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तिचे वायरिंग तोंडपाठ असणारे कारागीर दरवर्षी कमी होत आहेत, म्हणून आपल्या गाडीचा नकाशा आपल्याच वहीत असणे बरे.

प्रश्न : वायरींचे जोड सोल्डर करावेत की लग दाबून करावेत? आमच्याकडे दोन मिस्त्रींची दोन मते आहेत. — एक वाचक, सांगली

उत्तर : गाडीत मी दाबलेले जोड, म्हणजे वायरीच्या टोकावर लग नावाचे धातूचे टोक चेपून केलेले जोड, पसंत करतो. सोल्डर करताना वितळलेले कथील वायरीच्या आत, आवरणाखालीही थोडे ओढले जाते आणि तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. ताठ भाग जेथे संपतो आणि लवचीक वायर जेथे सुरू होते, नेमक्या त्या रेषेवर कंपनाने वायर तुटते, आणि वरून आवरण शाबूत असल्याने दोष दिसतही नाही. सोल्डर करायचेच असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर क्लिपने धरून ठेवा, म्हणजे ती तेथे हलणार नाही.

दाबलेला जोड चांगला व्हायचा तर पक्कड रॅचेटची, म्हणजे पूर्ण दाबल्याशिवाय न सुटणारी, हवी. साध्या पक्कडीने चेपलेला लग हा जोड नव्हे. लग वायरीच्या मापाचाच घ्या, दाबल्यावर चांगला हिसका देऊन पाहा आणि वर आतून डिंक असलेली, तापवली की आवळणारी नळी चढवा. गठ्ठ्याच्या मध्ये जोड शक्यतो येऊच देऊ नका.

प्रश्न : फियाट गाडी संपूर्ण रंगवून आणल्यापासून मागचे दिवे मंद लागतात, आणि इंडिकेटर दिला की ब्रेकलाइटही त्याच्याबरोबर लुकलुकतो. वायरी तपासल्या, ठीक आहेत. — एक वाचक, नाशिक

उत्तर : दोष अर्थिंगचा आहे. रंग हा विजेसाठी अडथळा असतो, आणि रंगवताना दिव्यांच्या बैठकींखाली, स्क्रूंच्या भोकांत सगळीकडे रंग बसला आहे. परतीची वाट न मिळाल्याने प्रवाह शेजारच्या बल्बमधून वाट काढतो, म्हणूनच एक दिवा दुसऱ्याबरोबर लुकलुकतो. दिव्याच्या बैठकीजवळ नाण्याएवढी जागा पत्रा चकचकीत दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून लग आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. मी तर मागच्या दोन्ही दिव्यांना काळी अर्थिंगची वायर वेगळी नेऊन चासीच्या एकाच बोल्टवर आणतो आणि पत्र्यावर विसंबत नाही.

आणि गाडी नुकतीच रंगवून आली आहे म्हणून इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी परत लावली आहे का, हे आजच वाकून पाहा. एका पद्मिनीत रंगकामानंतर ती लावायची राहून गेली होती. सेल्फ मारल्यावर इंजिन जड फिरत होते, मालकाला वाटले बॅटरी उतरली, म्हणून त्याने पुन्हापुन्हा सेल्फ मारला. मी शेजारी उभा होतो. डॅशमधून धूर आला तो चोकच्या केबलमधून : सेल्फचा शंभराच्या वर अँपिअरचा प्रवाह बॉडीकडे परतण्यासाठी त्या बारीक केबलखेरीज दुसरी वाट उरली नव्हती, आणि मी बॅटरीची तार उपसेपर्यंत केबलचे प्लास्टिक वितळून कार्पेटवर ठिबकले होते.